तिसरा डबा

आत्याला कॉलेजात पाठीमागे सगळे 'कागदी बाई' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. बावीस वर्षं ती यंत्रांबद्दल शिकवत होती, पण ती यंत्रं सगळी कागदावरची. खऱ्या यंत्राशी तिचा छत्तीसचा आकडा. घरचा पंखा अडला की शेजाऱ्यांना हाक, मोबाईल अडला की आठ वर्षांच्या भाचीला. कोणी हसलंच तर ती म्हणायची, "नकाशे काढणाऱ्याने रस्ते झाडायचे नसतात." बोलण्यात हार जाणाऱ्यांतली ती नव्हती.

दुपारचा वर्ग नोकरी करणाऱ्यांचा होता. अर्धे जण नुकतेच जेवून आलेले, त्यामुळे डोळे जड. अशांना जागं ठेवायला तिच्याकडे एक हुकमी विषय होता, खड्यांचं यंत्र. मंगळवारी तिने फळ्यावर नेहमीसारखे तीन डबे काढले.

"प्रत्येक डब्यात खडे. हुकूम दोनच. एक, या डब्यात एक खडा टाक. दोन, या डब्यातून एक खडा काढ, आणि डबा रिकामाच असेल तर अमुक ओळीवर उडी मार. झालं. जगातलं जे गणित कुठल्याही यंत्राला सुटतं, ते एवढ्यावर सुटतं. फक्त धीर पाहिजे."

"किती धीर, मॅडम?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"तुमचे पेपर तपासायला लागतो त्याहून थोडा जास्त," ती म्हणाली, आणि वर्ग जागा झाला.

मग तिने तो चौदा ओळींचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. हा तिचा लाडका. गेली पाच वर्षं ती दर वर्षी तो फळ्यावर लिहायची, आणि लिहिताना तिचा आवाज जरा चढायचा, कारण तिच्या सगळ्या आयुष्यात कागदावरून उठून बाहेर गेलेली एवढी एकच गोष्ट होती. तो प्रोग्रॅम तिच्या भाचीच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेला होता.

भाचीला घरात ठकू म्हणत. ठकू जन्मली तीच एक विचित्र खोड घेऊन. जागी असताना ती चारचौघींसारखी श्वास घ्यायची, बडबडायची, भांडायची. झोप लागली की छाती श्वास घ्यायचं विसरायची. पहिली साडेतीन वर्षं तिच्या उशाशी दवाखान्यातलं एक मोठं धूड घरघरत असायचं आणि तिचे आईबाप, म्हणजे आत्याचे दादा-वहिनी, आळीपाळीने डोळ्यात तेल घालून जागायचे. दादाचा दोन खोल्यांचा कारखाना होता, बारीकसारीक मोजयंत्रं बनवण्याचा. त्याने डॉक्टरांमागे वर्षभर तगादा लावला आणि पट्ट्याला अडकवायची एक छोटी पेटी तयार केली. डॉक्टरांनी तिच्या दोन तारा ठकूच्या छातीतल्या नसेपर्यंत नेल्या. पेटीने एक नाडी, म्हणजे विजेचा एक बारीक झटका, दिला की एक श्वास. पेटीतली चीप अगदीच गरीब होती, पण दादाला ती तशीच हवी होती. तो बहिणीला म्हणाला होता, "मोठ्या भाषेत चुकीला लपायला शंभर खोल्या असतात. मला एका खोलीची भाषा दे." म्हणून खड्यांचे दोन हुकूम, आणि 'नाडी दे' हा तिसरा, ज्याला घरात सगळे अर्धा शब्द म्हणत. दादा कौतुकाने सांगायचा, आमची अडीच शब्दांची भाषा.

चौदा ओळींपैकी बहुतेक ओळी नुसत्या वाट बघण्याच्या होत्या. पहिल्या डब्यात खडे भरायचे, एकेक काढायचा, संपले की नाडी. किती भरायचे ते दुसऱ्या डब्यावरून ठरायचं. तिसऱ्या डब्यात प्रत्येक श्वासाला एक खडा पडायचा, कारण एकूण किती श्वास झाले ते डॉक्टरांना हवं होतं. आणि दर फेरीच्या तोंडाशी एक छोटी चौकशी होती. तिसरा डबा रिकामा आहे का? असेल, तर पेटी अजून कोणाला लावलेलीच नाही. मग गप्प बसायचं आणि सुरुवातीचं बटण दाबलं जाण्याची वाट बघायची. बटण आयुष्यात एकदाच दाबायचं, पेटी लावली त्या दिवशी; सेल झटकन बदलला तर डबे तसेच राहायचे, मिनिटभर बाहेर राहिला तरच पुसले जायचे. ते दाबलं की तिसऱ्या डब्यात पहिला खडा पडायचा आणि त्यानंतर झोपताना नुसता पट्टा बांधला की काम सुरू.

"आता सांगा," आत्याने खडूने फळा वाजवला. "एकदा सुरू झालेलं हे कधी थांबेल का? कुठलाही प्रोग्रॅम दिला तर तो थांबेल की नाही हे हमखास ओळखणारी रीत नाही, असूच शकत नाही, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. लोकांना भीती असते ती न थांबण्याची. आम्हाला भीती होती थांबण्याची. पण सगळ्यांचं सांगता येत नसलं, तरी या एकाचं सांगता येतं, तेही एका ओळीत. तिसऱ्या डब्यात खडे फक्त वाढतात. चौकशीसाठी काढलेला खडा लगेच परत जातो. वाढत जाणारी गोष्ट शून्य होत नाही. म्हणून हे थांबत नाही."

तिने खाली छोटा चौकोन काढून आत खडू फिरवला, सिद्धता संपली की काढतात तसा. याच वाक्यांचा कागद तिने पाच वर्षांपूर्वी सही करून दादाला दिला होता. दादाने तो काच बसवून कारखान्यात टांगला. पुढे तशाच आणखी एकतीस पेट्या एकतीस घरांत गेल्या, आणि प्रत्येक पेटीबरोबर त्या कागदाची प्रत गेली.

तिसऱ्या बाकावर पाण्याचे मीटर वाचणारे एक गृहस्थ बसत. पन्नाशी उलटलेली, बढतीसाठी ही परीक्षा पास होणं भाग होतं म्हणून आलेले. वर्षभरात त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, डबा केवढा आहे?"

"लागेल तेवढा."

"म्हणजे?"

"म्हणजे कितीही खडे मावतात. या यंत्रात तसं धरूनच चालायचं असतं."

"कागदावर ठीक आहे हो," ते संकोचाने म्हणाले. "पण तुम्ही म्हणालात हे खरोखरीचं बनवलंय, म्हणून विचारतोय. आमच्या मीटरला सहा आकडे असतात. सगळे नऊ झाले की पुढच्या लिटरला सगळी शून्यं. एका लॉजचं असंच झालं, तर ऑफिसला वाटलं, यांनी मीटर नवाच बसवलाय." वर्ग हसला. तेही हसले. "तुमच्या डब्याला आकडे किती?"

आत्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की उत्तर तिला ठाऊक नाही. बावीस वर्षांत तिला कोणी हे विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"चांगला प्रश्न आहे," ती म्हणाली. "शेवटी वेळ उरला तर बघू."

आणि ती पुढची वीस मिनिटं शिकवत राहिली. हे तिला नंतर सगळ्यात जास्त टोचलं. ती वर्ग सोडून धावली नाही. धावली असती तर प्रश्न खरा ठरला असता, आणि तास नीट पुरा केला तर कदाचित खोटा ठरेल, असं काहीतरी वेडगळ तिच्या मनाने धरलं. शिकलेल्या माणसाचं मन घाबरलं की अडाण्याच्याही वरताण वागतं. तिने दोन उदाहरणं सोडवली, एकाचं उत्तर चुकलं, कोणी दाखवलं नाही.

घंटा झाल्यावर ती जिन्याच्या कोपऱ्यात उभी राहिली आणि हजेरीपटाची पाठकोरी बाजू भिंतीवर दाबून लिहू लागली. तिला आता आठवत होतं. पेटी बनवताना दादा एकदा काहीतरी म्हणाला होता, प्रत्येक डब्याला चोवीस खाचा आहेत, प्रत्येक खाचेत शून्य नाहीतर एक. ती म्हणाली होती, "खाचा तुझ्या, सिद्धता माझी. मला त्यात ओढू नकोस." दादा हसला होता. त्याला वाटलं बहिणीने ते धरलंच असणार. तिला वाटलं दादाने बघितलंच असणार.

चोवीस खाचा. म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाख सत्याहत्तर हजार दोनशे सोळा. त्या श्वासाला डबा भरून वाहणार नाही, रिकामा होणार. मिनिटाला पंधरा श्वास, तासाला नऊशे, रात्रीच्या दहा तासांना नऊ हजार. तिने भागाकार केला. अठराशे चौसष्ट दिवस. पाच वर्षं आणि वर अडतीस दिवस.

पेटीला पाच वर्षं झाली म्हणून त्यांनी घरी केक कापला होता. गेल्या महिन्याच्या तीन तारखेला. आज बारा.

तिने पुन्हा भागाकार केला. पहिल्या वर्षी वेग सोळा होता. मग काही दिवस चौदा होता. कधी ठकू आजारी पडून दिवसभर झोपायची, कधी सुट्टीत उशिरापर्यंत जागायची. उत्तर आठवडाभर मागेपुढे सरकत होतं, पण त्या आठवड्याच्या बाहेर काही जाईना. कदाचित पुढच्या रविवारी, कदाचित आज रात्री, कदाचित आत्ता. आणि पेटी तेव्हा ओरडणारही नव्हती. सेल उतरला तर ती ओरडायची, तार निसटली तर ओरडायची. पण बटणाची वाट बघणं हा बिघाड नव्हता. चौथी ओळ तशीच लिहिली होती, आणि ती लिहिताना आत्याला ती फार सुबक वाटली होती.

तिने वहिनीला फोन लावला. वाजला, वाजत राहिला. मग तिला सकाळचा निरोप आठवला. 'ठकूला कणकण आहे, आज शाळा नाही.' तापातलं पोर दुपारी झोपणार. आणि ठकू झोपली की वहिनी फोनचा आवाज बंद करते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दादाचा फोन लागला नाही. यंत्रं चालू असली की तो मोबाईल खणात ठेवायचा. कारखान्याचा दुसरा नंबर तिच्याकडे होता, पण तो कुठल्या वहीत होता ते काही केल्या आठवेना. ती पळत रस्त्यावर आली आणि समोर दिसलेल्या टॅक्सीत बसली.

टॅक्सीवाला गप्पिष्ट निघाला. त्याने उन्हाबद्दल सांगितलं, रस्ता कोणी खणला त्याबद्दल सांगितलं. आत्या दर अर्ध्या मिनिटाला फोन लावत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती मनात मोजायला लागली, चार सेकंदांना एक, चार सेकंदांना एक. ठकूच्या श्वासाचा वेग. मोजलं की भीती वाढत होती आणि मोजणं थांबवलं की त्याहून वाढत होती.

बाकीच्या एकतीस घरांची यादीही त्याच फोनमध्ये होती. पहिल्या वर्षीच्या सहा पेट्या सगळ्यात जवळ आलेल्या. दोन नंबरची तर ठकूनंतर अवघ्या एकोणीस दिवसांनी लागलेली. तो मुलगा आता नऊ वर्षांचा, सकाळची शाळा करून दुपारी झोपणारा. तिकडे फोन लावायला दोन मिनिटं लागली असती. तिने नंबर काढलासुद्धा. पण तेवढ्यात वहिनीचा उलटा फोन आला आणि लागला नाही तर, असं तिच्या मनात आलं आणि तिने तो नंबर तसाच ठेवला. आधी आपली, मग लोकांची. हे बरं नाही हे तिला तेव्हाही कळत होतं, आणि कळूनही तिने फोन लावला नाही.

तिला सही केलेली ती संध्याकाळ आठवली. जेवणाच्या टेबलावर तिने कागद ठेवला होता आणि म्हणाली होती, "हे थांबणार नाही. आता तुम्ही दोघं झोपा." वहिनीने कागद उलटसुलट करून पाहिला, तिला त्यातलं काही कळलं नाही, पण ती रडली होती. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला होता, साडेतीन वर्षांनी पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच वेळी झोपलो. आत्याला त्या वाक्याचा केवढा अभिमान होता. वर्गात ती कधीकधी तेही सांगायची.

तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना तिची एक चप्पल निघाली. तिने ती तिथेच सोडली आणि दार बडवलं.

वहिनीने दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच. "वन्सं, हळू. आत्ता कुठे डोळा लागलाय."

आत्या तिला बाजूला सारून आत गेली. ठकू भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पडदा ओढलेला, अंधुक. छाती हलतेय की नाही ते दिसेना. आत्याने तिला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं.

ठकूने एक डोळा उघडला. "तुझा मोबाईल परत अडला?"

आत्याच्या जिवात जीव आला, पण तो अर्धाच. ती पलंगाच्या कडेवर बसली. वहिनी मात्र चिडली होती.

"तापाचं पोर आहे, वन्सं. काय झालंय काय?"

"पट्टा काढ तिचा. तिला झोपू देऊ नकोस. दादाला बोलव, वाचक घेऊन ये म्हणावं." वाचक म्हणजे पेटीतले आकडे दाखवणारं छोटं यंत्र, दादाने ते स्वतः जुळवलं होतं. वहिनीने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. कारखान्याचा नंबर तिला तोंडपाठ होता. दादा फोनवर आला तेव्हा आत्याने तिच्या हातून फोन घेतला.

"तिसरा डबा चोवीस खाचांचा आहे," ती म्हणाली.

"हो. मग?" दादा म्हणाला. मागे यंत्रांचा आवाज येत होता, तो एकेक करून बंद झाला. "आलो," म्हणाला.

तो येईपर्यंत आत्या ठकूशी पत्ते खेळली. ठकूने तीन डाव जिंकले आणि चौथ्या डावाला जांभई दिली, तेव्हा आत्याने तिच्या तोंडावर गार पाणी मारलं. ठकूने रडून घर डोक्यावर घेतलं. रडते आहे तोवर बरी आहे, असं आत्याला वाटलं आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

दादा आला. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. त्याने पेटीला वाचक जोडला आणि बहीणभाऊ त्या छोट्या पडद्यावर वाकले. आत्या एक कोटी सदुसष्ट लाखांची वाट बघत होती. तिला फक्त शेवटचे आकडे बघायचे होते, किती उरले ते.

पडद्यावर आलं ३८,१०५.

"वाचक गंडलाय," दादा म्हणाला. त्याने तार काढून पुन्हा जोडली. ३८,१०५. "आठ आकडे पाहिजेत. अडतीस हजार कसे असतील? अडतीस हजार म्हणजे जेमतेम..."

तो थांबला. अडतीस हजारांत रात्री किती ते त्याला आत्याइतकंच लवकर कळलं. चार.

"होऊन गेलंय," आत्या म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला. "डबा भरला, रिकामा झाला, पेटी बंद पडली. शुक्रवारी कधीतरी." ती समोर बसून पत्ते गोळा करणाऱ्या ठकूकडे बघत राहिली. पोरगी होती. समोर होती. पण कागदाप्रमाणे ती असायला नको होती. "पेटी बंद पडली तर पुढे मोजायला सुरुवात कोणी केली? बटण दाबल्याशिवाय पहिला खडा पडत नाही."

"मी दाबलं," वहिनी म्हणाली.

ती दाराला टेकून उभी होती, हातात ठकूचा ओला टॉवेल.

"शुक्रवारी पहाटे. तिची पाठ हलायची थांबली. मी दहापर्यंत मोजलं, हलली नाही, मग बटण दाबलं. तसं दाबायचं असतं की नाही मला काय माहीत? पेटीला एकच बटण आहे. मला वाटलं सेल हलला असेल. तेवढ्यात ती श्वास घ्यायला लागली, मग मी कोणाला उठवलं नाही."

"पण तू जागी कशी होतीस?" दादाने विचारलं.

वहिनीने टॉवेलची घडी केली, ती मोडली, पुन्हा केली. "मी जागीच असते," ती म्हणाली. "तुम्ही झोपलात की मी तिच्याकडे जाते. पाठीवर हात ठेवून बसते. ती शाळेत गेली की झोपते मी."

"पाच वर्षं?"

"सांगणार होते. पण वन्संनी एवढं खपून लिहून दिलं होतं. तुम्ही काच लावलीत त्याला. माझा विश्वास नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि विश्वास नव्हता असंही नाही. दिवसा असायचा. तिने डोळे मिटले की नसायचा."

दादा खुर्चीवर बसला आणि त्याने तोंड हातांत झाकलं. आत्याला वहिनीच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण ती उठूच शकली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घण मारत होती. वहिनी त्या कागदाला नको तेवढा मान देऊनही जागी राहिली, म्हणून ठकू पत्ते गोळा करत होती. बाकीच्या घरांत तोच कागद गेला होता, आणि तिथल्या आयांनी तो सरळ मनाने वाचला असेल.

"दोन नंबर," ती म्हणाली. "एकोणीस दिवसांनी लागलेली. तो दुपारी झोपतो."

टॅक्सीत काढून ठेवलेला नंबर फोनवर अजून तसाच होता. पाचव्यांदा वाजल्यावर एका बाईने उचलला. आत्याने आपण कोण ते सांगितलं. बाईला एवढा आनंद झाला की तिचं बोलणं थांबेना. तुमची आठवण घरात रोज निघते, म्हणाली.

"मुलगा कुठे आहे?"

"झोपलाय. तासभर झाला. काय हो?"

"जाऊन उठवा त्याला. आत्ता. फोन हातात असू द्या."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. बाईने तो बरोबर नेला नव्हता. सपाता वाजत दूर गेल्या. एक दार करकरलं. मग काही नाही. आत्या मोजत होती, चार सेकंद, आठ, बारा, सोळा. वहिनी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने आपला हात आत्याच्या पाठीवर ठेवला, सवयीने असेल. वीस. चोवीस. त्या घरात कुठेतरी नळ ठिबकत होता. अठ्ठावीस. दादाने मान वर केली. आत्याला त्या बाईचा चेहरा आठवेना, त्या मुलाचाही, फक्त सही करताना वापरलेलं पेन आठवत होतं. छत्तीसनंतर तिचं मोजणं चुकलं.

मग पलीकडे झोपमोड झालेल्या मुलाचं रडणं ऐकू आलं. बारीक, किरकिरं, चांगलं लांबलचक. आत्याने डोळे मिटून घेतले.

बाई परत आली. आता तिचा आवाज बदलला होता. "उठवला. काय झालंय सांगा."

"मी चुकले होते," आत्या म्हणाली. पाच वर्षांत तिने हे वाक्य कोणाला म्हटलं नव्हतं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लहान निघालं. "पेटी थांबू शकते. सेल काढा, एक मिनिटाने परत घाला, आणि सुरुवातीचं बटण दाबा. करा, मी आहे फोनवर."

बाईने केलं. हिरवा दिवा लागला, म्हणाली. मुलगा मागे पाणी मागत होता. मग तिने हळूच विचारलं, "झालं ना आता? रात्री झोपू ना आम्ही?"

डबा पुन्हा रिकाम्यापासून सुरू झाला होता. पुढची पाच वर्षं तो भरणार नव्हता, हे आत्या आत्ताच्या आत्ता सिद्ध करून देऊ शकत होती, एका ओळीत. तिच्या जिभेवर 'हो' आला. पण आपण आणखी काय काय विचारायचं विसरलो असू, ते तिला माहीत नव्हतं, आणि ते शोधायची रीतही तिला माहीत नव्हती. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने नकारार्थी मान हलवली.

"आज नका झोपू," आत्या म्हणाली. "त्याच्या पाठीवर हात ठेवून बसा. मी उद्या येते."

तिने फोन ठेवला आणि तिसऱ्या घराचा नंबर लावला.